परळचा रक्तगट, बंगळुरूची यादी

बॉम्बे हे नाव शहराने १९९५ साली टाकलं. रक्तपेढीत ते अजून चालू आहे.

१९५२ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटासा निबंध आला. लेखकांत मुंबईतल्या परळच्या केईएम रुग्णालयाचे वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे आणि एच. एम. भाटिया होते, आणि लंडनचे रेस व सँगरही. वरवर 'ओ' दिसणारं, पण 'ओ' रक्ताशीच न जुळणारं रक्त त्यांना मुंबईत सापडलं होतं. गावावरून त्याचं नाव 'बॉम्बे' पडलं.

भानगड 'एच' नावाच्या घटकाची आहे. तांबड्या पेशीवर 'ए' किंवा 'बी' चढतो तो या 'एच'वर. 'ओ'वाल्यांत नुसता 'एच' असतो. बॉम्बेवाल्यांत तोही नसतो, म्हणून त्यांचं शरीर 'एच'लाच परका समजतं. त्यामुळे ज्याचं रक्त कुणालाही चालतं असं आपण ऐकत आलो, त्या 'ओ'ची बाटली यांच्या जिवावर बेतते. भारतात अशी माणसं साधारण दहा हजारांत एक. युरोपात दहा लाखांत एखादं. हा गुण आईबाप दोघांकडून यावा लागतो. मामाच्या मुलीशी लग्न लावण्याची चाल आपल्याकडे आणि कर्नाटकात जुनीच, तेव्हा तो इथे जास्त दिसला तर नवल नाही.

या माणसांना खरं तर कृत्रिम रक्त हवं होतं. गटाच्या खुणा पेशीच्या आवरणावर असतात. आवरण काढून नुसतं हिमोग्लोबिन दिलं, की गटाचा प्रश्नच मिटतो. गायीच्या रक्तापासून केलेल्या 'हिमोप्युअर'ला दक्षिण आफ्रिकेने २००१ साली परवानगीही दिली. पण उघडं हिमोग्लोबिन रक्तवाहिन्या सैल ठेवणारा नायट्रिक ऑक्साइड शोषून घेतं आणि वाहिन्या आखडतात. अशा द्रावणांच्या १६ चाचण्या, ३,७११ रुग्ण, यांचा हिशेब २००८ साली 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात मांडला गेला: मृत्यूचा धोका ३० टक्क्यांनी जास्त. अतिदक्षता विभागात रक्ताच्या पिशवीला पर्याय म्हणून ठेवावं असं काही त्यातून निघालं नाही.

मग उरतो तो माणूसच. तांबड्या पेशींची पिशवी नेहमीच्या साठवणीत फार तर ४२ दिवस टिकते, एवढ्या दुर्मीळ गटाचा साठा करणार कसा? बंगळुरूच्या संकल्प इंडिया फाउंडेशनने त्यावर साधा तोडगा काढला: बॉम्बे गटाच्या दात्यांची यादी ठेवायची आणि गरज पडली की फोन फिरवायचे. २०१८ साली यांगूनमध्ये एका बाईच्या हृदयशस्त्रक्रियेसाठी हे रक्त हवं होतं. दावणगेरेहून दोन पिशव्या चक्क कुरिअरने म्यानमारला गेल्या. प्रयोगशाळेतल्या सगळ्या द्रावणांपेक्षा ही यादी आजवर जास्त उपयोगी पडली आहे.

तुमच्या कार्डावर 'ओ' लिहिलंय आणि क्रॉसमॅच, म्हणजे दात्याचं रक्त जुळतं का ते पाहणारी तपासणी, एकसारखी फसतेय, तर 'अँटी-एच' चाचणी मागून घ्या. आणि घरात एक बॉम्बे निघाला, तर त्याच्या सख्ख्या भावंडांचीही करा; प्रत्येकाच्या बाबतीत निदान चारांत एक शक्यता असते.