बेअरिंगच्या गाडीचं कूळ

गाडी दिसायच्या आधी ऐकू यायची. दुपारी दोन-अडीचला रात्रपाळी करून आलेले बाप झोपलेले असायचे, आणि नेमका तेव्हाच उतारावरून तो आवाज यायचा. डांबरावर लोखंड घासत, खर्रर्र करत, जवळ येता येता चढत जाणारा. कुठलं तरी दार उघडायचं, कोणी तरी बापाच्या नावाने हाक मारून दम भरायचं, तोवर गाडी वळणापलीकडे गेलेली असायची. ठाण्यात वागळे इस्टेटच्या मागे येऊरच्या डोंगराचा पायथा जिथे वस्तीत शिरतो, तिथल्या उतारांवर आमचं लहानपण गेलं. सुट्टीत डोंबिवलीला मामाकडे गेलो तरी तीच गाडी भेटायची. तिथे जमीन सपाट, म्हणून एकाने बसायचं आणि दुसऱ्याने ढकलायचं, एवढाच फरक.

गाडी म्हणजे देवदारी खोक्याची एक फळी. मागे आडवी पट्टी, खिळ्यांनी पक्की. पुढे दुसरी पट्टी, पण ती मधोमध एकाच नटबोल्टवर, डावी-उजवी फिरेल अशी. पट्ट्यांची चारही टोकं कोयत्याने तासून गोल करायची आणि प्रत्येकावर एक जुनं बेअरिंग ठोकून बसवायचं. पुढच्या पट्टीच्या दोन टोकांना दोरी बांधायची, ती हातात धरायची. ब्रेक म्हणजे पायातली स्लिपर. बांधायला एक सुट्टीचा दिवस आणि शेजारच्या काकांची हातोडी पुरे.

मोठेपणी या गाडीला लोक ‘जुगाड’ म्हणताना ऐकलं, तेव्हा मला ते पटलं नाही. जुगाडाला आईबाप नसतात, तो वेळ निभावतो आणि संपतो. या फळीला कूळ आहे, आणि तिच्या एकेका भागाचं कूळ वेगळं आहे.

पुढच्या पट्टीपासून सुरुवात करू. आख्खा आस मधल्या एका खिळीवर फिरवून गाडी वळवायची, ही चारचाकी घोडागाडीची रीत. बग्गी असो की मुंबईची व्हिक्टोरिया, पुढची दोन चाकं आसासकट वळतात. या रचनेत एक दोष आहे. वळण जितकं तीव्र, तितकी पुढची चाकं गाडीच्या पोटाखाली सरकतात, टेकू अरुंद होतो आणि गाडी कलंडते. म्हणून १८१७ साली म्युनिकच्या लँकेनस्पर्गर नावाच्या गाडी बांधणाऱ्या कारागिराने आस जागेवर ठेवून दोन्ही चाकं आपापल्या खिळीवर स्वतंत्र वळवायची युक्ती काढली. लंडनमध्ये रुडॉल्फ अकरमान यांनी १८१८ मध्ये तिचं पेटंट घेतलं आणि आज प्रत्येक मोटार त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रचनेवर वळते. आमची फळी त्या सालाच्या अलीकडे आलीच नाही. माझ्या डाव्या कोपरावर जी खूण आहे, ती १८१७ पूर्वीच्या स्टिअरिंगची. हातातली दोरीही घोड्याचीच. दोन्ही मुठींत धरून जिकडे जायचं तिकडे खेचायची, लगाम खेचतात तशी.

चाकांची गोष्ट याहून वेगळी. छर्रे घालून घर्षण कमी करायची कल्पना जुनी असली, तरी सायकलवाल्यांनी ती खरी रुळवली. १८६९ साली पॅरिसच्या ज्यूल सुरिरे यांनी सायकलच्या बॉल बेअरिंगचं पेटंट घेतलं आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात पॅरिस ते रुआँ ही शर्यत तसली बेअरिंगं लावलेल्या सायकलने जिंकली. मग १८८३ मध्ये जर्मनीतल्या श्वाइनफुर्टला फ्रिडरिश फिशर यांनी पोलादी छर्रे एकसारखे गोल घासणारं यंत्र बनवलं आणि बेअरिंग कारखान्यात ढिगाने बनू लागलं. आपल्याकडे जयपूरला १९४६ साली नॅशनल बेअरिंग कंपनी उभी राहिली, पुढे साठच्या दशकात चिंचवडलाही बेअरिंगं बनू लागली.

पण बेअरिंग हे चाक म्हणून जन्माला आलेलं नाही. विजेच्या मोटारीत त्याचं आतलं कडं शाफ्टवर घट्ट बसतं आणि शाफ्टबरोबर गरगरतं. बाहेरचं कडं कव्हरात आवळलेलं असतं, त्याने जागचं हलायचं नसतं. पोरांनी हे उलटं केलं. आतलं कडं लाकडावर ठोकून थांबवलं, आणि जन्मभर कोंडून राहिलेलं बाहेरचं कडं रस्त्यावर सोडलं. एखाद्या इंजिनिअरच्या डोक्यातून हे आलं असतं तर त्याचं नाव आपल्याला पाठ असतं.

हे ठाण्यातच सुचलं असं मी म्हणणार नाही. ब्राझीलमध्ये ही गाडी ‘कारिन्यो दे रोलिमां’ आहे, आणि ‘रोलिमां’ हा शब्द बेअरिंगच्या फ्रेंच नावावरून पडलाय. स्पेनच्या बास्क मुलखात तिच्या नावाचाच अर्थ ‘वरून खाली’ असा आहे. अमेरिकेत साबणाच्या खोक्यांच्या गाड्यांची शर्यत १९३३ साली डेटन शहरात लागली आणि पुढच्याच वर्षी ती देशभरची झाली. जिथे कारखाना, उतार आणि रिकामी दुपार एकत्र आली, तिथे ही फळी उगवली.

आमच्याकडे हे तिन्ही होतं. १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं. वागळे इस्टेट ही त्याची अगदी पहिल्यांतली वसाहत, मग डोंबिवली आणि अंबरनाथ. कल्याणला रेल्वेचा लोको शेड, भिवंडीत यंत्रमाग, कळवा-मुंब्र्याकडे लोखंडाचे आणि गिअरचे कारखाने. एवढ्या मोटारी जिथे फिरतात, तिथे रिवाइंडिंगची दुकानं असतातच. जळालेली मोटार उघडली की रिवाइंडिंगवाला वायरबरोबर बेअरिंगही बदलायचा. ‘आवाज करतंय’ एवढं कारण त्याला पुरायचं. यंत्राला नको असलेला तो आवाज आम्हाला हवाच होता. दुकानाबाहेरच्या काळ्या डब्यात ग्रीसमध्ये माखलेली बेअरिंगं पडलेली असायची. आम्ही ती रॉकेलमध्ये धुवायचो आणि कडेवरचा नंबर वाचायचो. ६२०२ पंख्याचं, बाहेरून ३५ मिलिमीटर, फार लहान, खड्ड्यात अडकणारं. ६२०४ म्हणजे भोक २० आणि बाहेरून ४७, हे खरं गाडीचं. शेवटचे दोन आकडे गुणिले पाच म्हणजे भोकाचं माप, हे मला शाळेत कुणी शिकवलं नाही. तो हिशोब ०४ पासून पुढेच लागू होतो, पंख्याच्या ०२ला लागत नाही, हेही त्या डब्यापाशीच कळलं.

एक मजेची गोष्ट अशी की खुद्द ठाण्यात, पोखरण रोडला, १९६५ पासून बेअरिंगचा कारखाना होता. एनआरबी, फ्रान्सच्या नादेला कंपनीच्या सहकार्याने सुरू झालेला. पण तिथली खासियत नीडल बेअरिंगची. छर्र्यांऐवजी सुईसारखे बारीक लांबट रोलर आणि बऱ्याचदा आतलं कडंच नाही, शाफ्टच थेट रोलरवर फिरतो. वर्गातल्या एकाने तसलं एक आणलं होतं. लाकडात घालून पाहिलं, तर रोलर लाकडातच रुतले. गावात कारखाना असून गाडीला चाक मात्र परगावचं लागायचं.

मोठ्यांनी ही गाडी सहन केली ती पाण्यामुळे. नळाला पाणी नसलं की टँकरपासून किंवा खालच्या बोअरिंगपासून ड्रम ओढायला हीच फळी लागायची. सकाळी ड्रम वाहणारी गाडी दुपारी आमची. आईने ती कधी फेकून दिली नाही, याचं कारण तेवढंच.

या फळीचे थोरले भाऊही महाराष्ट्रात झाले. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींनी, शिक्षण जेमतेम सातवीपर्यंत असताना, चाळीसच्या दशकापासून स्वतः छोटी मोटार बांधायला घेतली. ‘मीरा’ तिचं नाव. सत्तरच्या दशकापर्यंत ते एकामागून एक नमुने सुधारत राहिले, पण परवाने आणि भांडवल यांच्या त्या काळात मीरा कारखान्यापर्यंत पोचली नाही. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्र्यात एका लोहाराने भंगारातून दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी छोटी जीप बांधली, ती २०२१च्या अखेरीस देशभर गाजली. शंकररावांची आठवण आली की मला वाईट वाटतं, अजूनही. यंत्रमागांच्या गावात राहून ज्याने मोटार उभी केली, त्याच्याकडे आपण वेळेवर पाहिलं नाही.

आज घरी बांधलेली मोटार रस्त्यावर आणायची तर नव्या नमुन्याला मान्यताप्राप्त संस्थेकडून, म्हणजे पुण्याच्या एआरएआयसारख्या ठिकाणाहून, चाचणी करून घ्यावी लागते. विकत घेतलेल्या गाडीची मूळ रचना बदलायलाही कायद्याने बंदी आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते स्पष्ट केलं. सुरक्षेच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. आमच्या फळीला इंजिन नाही, त्यामुळे ती मोटार वाहन कायद्यात येतच नाही.

तिला अडवलं ते दुसऱ्याच गोष्टींनी. कारखाने गेले. कल्याण-शिळ रस्त्यावर जिथे प्रीमियरचा मोटारींचा कारखाना होता, तिथे आता इमारती आहेत, नाव फक्त लोकांच्या बोलण्यात उरलंय. उतारांवर दोन्ही बाजूंना गाड्या उभ्या असतात.

गेल्या मे महिन्यात डोंबिवलीत भाच्यासाठी मी ही गाडी बांधली. रिवाइंडिंगच्या दुकानात चार ६२०४ मिळाली. टोकं तासली, बेअरिंगं ठोकली, सगळं नीट बसलं. दोन दिवसांनी पाहतो तर उन्हाने लाकूड सुकून आक्रसलं होतं आणि मागचं चाक हातात आलं. मी खिळा शोधत होतो. घरातले वडीलधारे नाना खुर्चीतून म्हणाले, “खिळा नको मारू, फाटेल. रात्रभर पाण्यात ठेव.”

नाना पाटणकडचे. त्यांच्या लहानपणी घरी बैलगाडी होती. लोहार लोखंडी धाव लाल होईपर्यंत तापवून लाकडी चाकावर चढवायचा आणि वरून पाणी ओतायचा, की लोखंड आवळून चाकाला धरायचं. उन्हाळ्यात लाकूड सुकलं की धाव सैल व्हायची, तेव्हा चाकं काढून ओढ्याच्या डोहात बुडवून ठेवायची. लाकूड फुगून पुन्हा धावेला भिडायचं. इतकी वर्षं मी घोड्याचा आणि कारखान्याचा माग काढत होतो, आणि बैल घरातच बसला होता.

चाक परत बसवून पट्टीचं ते टोक बादलीत बुडवून ठेवलं. सकाळी बेअरिंग पुसून शिलाई मशीनचं तेल सोडलं आणि चाक ओढून पाहिलं. जागचं हललं नाही. भाच्याने बोटाने बाहेरचं कडं फिरवलं, ते थांबायच्या आत फळी काखेत मारली आणि तो पार्किंगच्या रॅम्पकडे पळाला.