मुंबईच्या गोदीतील एक जहाज

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने ‘आपल्या सुतार समाजाच्या इतिहासातील एखादे गौरवाचे पान’ लिहून द्यावे, अशी मला आज्ञा केली. मी चौतीस वर्षे प्राथमिक शाळेत इतिहास शिकविला, तेव्हा हे काम मला अवघड जाऊ नये, अशी सर्वांची समजूत. परंतु लेखणी हाती घेतल्यावर गौरवाच्या आधी एका चुकीची कबुली देणे मला प्राप्त झाले आहे. ज्ञातिबंधू-भगिनींनी ती प्रथम ऐकून घ्यावी.

ट्रफाल्गारच्या १८०५ सालच्या लढाईत इंग्रजांचा सेनानी नेल्सन ज्या ‘व्हिक्टरी’ जहाजावर पडला, ते जहाज मुंबईच्या गोदीत आपल्या सुतारांच्या हातून बांधले गेले, असे मी वर्गातील मुलांना वर्षानुवर्षे सांगत आलो. आपल्या मंडळाच्या एका वार्षिक सभेतही मी हेच बोललो आणि सभेने टाळ्या वाजविल्या. हे विधान खोटे आहे. ‘व्हिक्टरी’ जहाज इंग्लंडातील चॅथमच्या गोदीत बांधले गेले व १७६५ साली पाण्यात उतरले. त्याचे लाकूड मुख्यत्वे तिकडच्या ओक वृक्षाचे. मी कोणाकडून तरी ऐकले, ते गोड वाटले, म्हणून पडताळून पाहिले नाही. शिक्षकाच्या हातून घडू नये असा हा प्रमाद घडला.

ही चूक माझ्या पदरात पडली ती इंग्लंडात. माझी धाकटी कन्या व जावई नोकरीनिमित्त तिकडे राहतात. २०१८ च्या उन्हाळ्यात आम्ही उभयता त्यांच्याकडे गेलो असता, “बाबा, तुम्हांला तुमचे मुंबईचे जहाज दाखविते,” असे म्हणून कन्येने आम्हांस ईशान्य किनाऱ्यावरील हार्टलपूल या बंदरगावी नेले. तेथे ब्रिटिश आरमाराचे एक संग्रहालय आहे. एका जुन्या गोदीभोवती अठराव्या शतकातील बंदराची पेठ हुबेहूब उभारलेली आहे: बंदुका करणाऱ्याचे दुकान, तलवारी करणाऱ्याचे दुकान, आरमारी शिंप्याचे दुकान. आणि मधोमध, पाण्यावर तरंगत, तीन डोलकाठ्यांचे एक काळे-पांढरे जहाज उभे. त्याच्या नाळेवर फेटा बांधलेल्या मिशाळ पुरुषाची मूर्ती आहे. ‘व्हिक्टरी’ पोर्ट्समथला आहे आणि १९२२ पासून कोरड्या गोदीत ठेवलेली आहे, हे मला तेथेच कळले. हे जहाज दुसरे. याचे नाव ‘त्रिंकोमाली’, सिलोनातील म्हणजे आजच्या श्रीलंकेतील बंदरावरून ठेवलेले. पाण्यावर तरंगत असलेल्या ब्रिटिश लढाऊ जहाजांत हे सर्वांत जुने होय. आणि हे मात्र खरोखरच मुंबईत बांधलेले आहे.

मी आत गेलो. वरच्या मजल्यावर दोराच्या शिड्या, शिडांचे दोर. त्याखाली तोफांची रांग. त्याहीखाली खलाशांच्या झोळ्या टांगण्याची जागा. तेथे छत इतके ठेंगणे की मान वाकवूनच चालावे लागे. मी मात्र तोफांकडे फार वेळ पाहिले नाही. आपण सुतारांची लेकरे. माझा हात आपोआप तुळईकडे गेला. दोनशे वर्षांचे सागवान हाताला कसे लागते, ते सांगता येणार नाही. ज्याच्या घरी रंधा फिरला असेल, त्याने ते मनाने जाणावे.

इंग्रजांनी आपले जहाज एवढ्या दूर का बांधले, याचे कारण लाकडात आहे. नेपोलियनशी चाललेल्या दीर्घ युद्धात जहाजे बांधता बांधता त्यांच्याकडे जहाजाजोग्या ओकचा तुटवडा पडला. इकडे मलबारचे सागवान मुबलक. सागाच्या अंगी तेल असते. त्यामुळे तो पाण्यात सहसा कुजत नाही व त्यात ठोकलेला लोखंडी खिळाही लवकर गंजत नाही. ओकमधील आम्ल लोखंडास खाते. मुंबईस सुरतेहून १७३६ साली आलेल्या लवजी नसरवानजी वाडिया यांच्या घराण्याकडे गोदीतील जहाजबांधणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली होती. अठराव्या शतकाच्या मध्यापासून मुंबईत कोरड्या गोद्या बांधल्या गेल्या आणि पुढे डंकन गोदी झाल्यावर मोठाली लढाऊ जहाजेही येथे होऊ लागली.

‘त्रिंकोमाली’चे नकाशे ज्या ‘जावा’ नावाच्या जहाजातून मुंबईस पाठविले होते, ते जहाज १८१२ च्या डिसेंबरात ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ ‘कॉन्स्टिट्यूशन’ या अमेरिकन जहाजाने लढाईत जिंकले. नकाशे गेले, नवे मागवावे लागले. त्याच ‘जावा’वर मुंबईस नेमणूक झालेला लेफ्टनंट जनरल हिस्लॉप प्रवास करीत होता. तो कैद झाला व वचनावर सुटला. वाचकहो, हे नाव ध्यानात ठेवावे.

१८१६ साली जहाजाचे काम सुरू झाले. मुख्य बांधणारे जमशेटजी बमनजी वाडिया यांनी पारशी रीतीप्रमाणे जहाजाच्या कण्यात चांदीचा खिळा ठोकून मुहूर्त केला. १२ ऑक्टोबर १८१७ रोजी जहाज मुंबईच्या पाण्यात उतरले. मी इतिहासाचा शिक्षक. ही तारीख फलकावर वाचली आणि पाय जागीच थांबले. यानंतर अवघ्या चोवीस दिवसांनी, ५ नोव्हेंबर १८१७ रोजी, खडकीची लढाई झाली. १७ नोव्हेंबरला शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. २१ डिसेंबरला महिदपूर येथे होळकरांच्या फौजेचा मोड झाला, आणि तेथे इंग्रजांचा सेनापती होता हाच तो हिस्लॉप. म्हणजे घाटावर मराठी राज्य बुडत असता घाटाखाली मुंबईत आपल्याच देशाचे कारागीर, जिंकणाऱ्याच्या आरमाराचे जहाज बांधून पुरे करीत होते. त्यांना दोष देण्याचा माझा मुळीच हेतू नाही. पोटासाठी वाकस चालविणाऱ्यास धनी निवडता येत नाही. परंतु गौरवाचे पान लिहिताना या पानाची दुसरी बाजू झाकून ठेवणे योग्य नव्हे.

पुढील हकीकत थोडक्यात सांगतो. जहाज आफ्रिकेला वळसा घालून, वाटेत सेंट हेलेना बेटावर थांबून ३० एप्रिल १८१९ रोजी पोर्ट्समथला पोहोचले. नेपोलियन त्या वेळी त्याच बेटावर कैदेत होता. ज्या युद्धासाठी जहाज बांधावयाचे ठरले, ते केव्हाच संपले होते! त्यामुळे कितीतरी वर्षे ते नुसते बांधून ठेवले गेले. १८४७ पासून दहा वर्षे त्याने वेस्ट इंडीज व प्रशांत महासागरात चाकरी केली आणि नंतर ते नाविक शिक्षण देणारे जहाज झाले. १८९७ साली एका गृहस्थाने ते विकत घेतले. नेल्सनच्या ‘फूद्रॉयां’ या जुन्या जहाजावर तो असेच शिक्षण देत असे, पण ते वादळात फुटले. म्हणून त्याने तेच नाव या मुंबईच्या जहाजास दिले. १९८७ साली ते दुरुस्तीसाठी हार्टलपूलला आणले, १९९२ साली मूळ नाव परत मिळाले, २००१ साली जीर्णोद्धार पुरा झाला. नेल्सनच्या जहाजाचे नाव इतकी वर्षे मुंबईच्या सागवानाने वागविले. माझ्या चुकीचे मूळ कदाचित येथेच कोठेतरी असावे.

फलकावर जमशेटजींचे नाव मोठ्या अक्षरांत आहे, आणि ते असलेच पाहिजे. त्यांनी बांधलेल्या ‘कॉर्नवॉलिस’ जहाजावर १८४२ साली इंग्रज व चीन यांच्यातील नानकिंगचा तह झाला. त्यांच्याविषयी अशी कथा सांगतात, की १८०० साली बांधलेल्या एका जहाजाच्या पोटात, कोणाच्या सहज नजरेस पडणार नाही अशा लाकडावर, हे जहाज एका काळ्या माणसाने बांधले आहे, अशा अर्थाची ओळ त्यांनी स्वहस्ते कोरून ठेवली होती. काळ्या माणसाच्या हाताला तुच्छ लेखणाऱ्यांना दिलेले ते उत्तर होते.

पण मुख्य बांधणाऱ्याच्या हाताखाली करवत ओढणारे, तुळया तासणारे, फळ्यांच्या सांध्यांत काथ्या ठोकून डांबर भरणारे शेकडो हात असतात. मला दिसलेल्या फलकांवर त्यांच्यापैकी कोणाचेच नाव नव्हते. गोदीतील कारागिरांत पारशी सुतार पुष्कळ होते, इतर जातींचेही होते. त्यात आपल्या ज्ञातीचे कोण, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही आणि एकदा चुकल्यावर पुन्हा सांगणारही नाही. तेथे एक वृद्ध गृहस्थ माहिती देत होते. सुतारांची नावे कोठे मिळतील, असे मी कन्येकरवी त्यांना विचारले. ते म्हणाले, “आमच्याकडे नाहीत. तुमच्याकडे आहेत काय?”

त्या प्रश्नाला मला उत्तर देता आले नाही. माझे आजोबा मुंबईस गोदीत सुतारकाम करीत. ते कोणत्या साली लागले, त्यांना रोज काय मिळे, कोणत्या बोटीवर त्यांनी काम केले, हे माझ्या घरात कोणी लिहून ठेवलेले नाही. मी आठ वर्षांचा असताना ते ओट्यावर बसून पटाशीला धार लावीत आणि मी पाटी घेऊन त्यांच्या शेजारी शिवाजीमहाराजांच्या किल्ल्यांची नावे पाठ करीत असे. किल्ल्यांची नावे आजही मला पाठ आहेत; आजोबांना मात्र मी एकदाही काही विचारले नाही. त्यांची एक वाकस तेवढी घरी उरली आहे. तिचा दांडा त्यांच्या मुठीने झिजलेला आहे.

आणखी एक साक्षीदार नाहीसा झाला, तो म्हणजे अरण्य. आरमारासाठी मलबारच्या सागाची इतकी तोड झाली, की त्यावर नियंत्रण ठेवण्यास १८०६ साली कॅप्टन वॉटसन नावाचा वनरक्षक नेमावा लागला. पुढे १८४० च्या दशकात कलेक्टर कॉनोली याने निलंबूर येथे सागाची मुद्दाम लागवड करविली. झाड पुन्हा लावता येते. माणसाची आठवण एकदा गेली की तिचे रोप कोठून आणावे?

म्हणून गौरवाच्या पानाऐवजी मी एक विनंती सादर करतो. ज्यांच्या घरात साठी-सत्तरी उलटलेली माणसे आहेत, त्यांनी या दिवाळीत त्यांच्याजवळ वही घेऊन बसावे. आजोबा-पणजोबांचे नाव काय, गाव कोणते, कोणाच्या हाताखाली शिकले, कोणते घर, देऊळ, रथ वा होडी त्यांनी केली, हे विचारून घ्यावे. आजी-पणजीने कोणते काम केले, तेही विसरू नये. ठाऊक असेल तेच लिहावे. ऐकीव असेल तर ‘ऐकीव’ असे म्हणून लिहावे. घरातील हत्यारे मोडीत घालण्यापूर्वी ती कोणाची होती, एवढे तरी टिपून ठेवावे. पुढील स्मरणिकेत या नोंदींना काही पाने मिळावीत, अशी संपादकांस माझी नम्र सूचना आहे.

आरंभ मीच करतो. माझ्या पाच पानांच्या नोंदवहीत आजोबांच्या नावापुढे व्यवसाय ‘गोदीतील सुतार’ असा लिहिला आहे. जहाजाचा रकाना कोरा आहे. तो मी कोराच ठेवला आहे.