प्रोसेसरच्या वेगाचे दावे कितपत खरे?

वाशिम, कारंजा किंवा रिसोडच्या दुकानात लॅपटॉप घेताना ग्राहकासमोर बहुतेक वेळा कंपनीनेच छापलेली माहिती असते: ‘४.५ गिगाहर्ट्झपर्यंत’, ‘आधीपेक्षा ४० टक्के वेगवान’. असे आकडे खोटेच असतात असे नाही. मात्र ते कंपनीने निवडलेल्या परिस्थितीतले असतात.

‘पर्यंत’ म्हणजे काय?
हा कमाल वेग असतो. तो सहसा मोजक्याच कोरवर आणि थोडा वेळ मिळतो. चिप तापली की वेग आपोआप कमी होतो. विदर्भातल्या उन्हाळ्यात, पातळ लॅपटॉपमध्ये हे लवकर घडते. ‘टक्के वेगवान’ असे लिहिले असेल, तर कशाच्या तुलनेत आणि कोणत्या कामात, हे तळटीपेत पाहावे.

कागदावरचा आणि मोजलेला वेग
पुण्यात टाटा समूहाच्या कॉम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीजने उभारलेला ‘एका’ हा महासंगणक नोव्हेंबर २००७ मध्ये जगात चौथा ठरला. त्यात ३ गिगाहर्ट्झचे १४,२४० कोर होते आणि प्रत्येक कोर एका ठोक्याला ४ गणिती क्रिया करू शकत होता. या तिन्हींचा गुणाकार १७०.८८ टेराफ्लॉप्स, म्हणजे सेकंदाला सुमारे १७१ लाख कोटी क्रिया. लिनपॅक या चाचणीत प्रत्यक्ष वेग भरला ११७.९ टेराफ्लॉप्स, म्हणजे सुमारे ६९ टक्के. जागतिक क्रमवारी या मोजलेल्या आकड्यावरच ठरते.

चाचणीवर तरी विश्वास ठेवावा का?
चाचणीबाबतही वाद झाले आहेत. पेंटियम ४ चे चाचणी-निकाल फुगवून दाखवल्याचा आरोप करत अमेरिकेत ग्राहकांनी इंटेलवर खटला भरला. कंपनीने आरोप नाकारला, पण २०१४ मध्ये पात्र ग्राहकांना प्रत्येकी १५ डॉलर देण्याची तडजोड केली.

ग्राहकाने काय करावे?
- फक्त प्रोसेसरचे नव्हे, त्याच मॉडेलच्या लॅपटॉपचे दोन-तीन स्वतंत्र परीक्षण-अहवाल पाहावेत.
- आपल्या कामाशी जुळणारी, बराच वेळ चाललेली चाचणी ग्राह्य धरावी.
- बिल आणि जाहिरात जपून ठेवावी. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण १० लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते. नुकसानभरपाईसाठी वाशिमच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते.