शहाणी झालेली मुलं

लंडनच्या मोठ्या रुग्णालयांत आजारी मुलांना कोणत्या वेळी भेटता येतं, याची एक यादी 1949 साली छापून आली होती. गाइज हॉस्पिटल : रविवारी दोन ते चार. वेस्टमिन्स्टर : बुधवारी एक तास, रविवारी एक तास. सेंट थॉमसमध्ये पहिला महिनाभर भेट नाहीच. मात्र संध्याकाळी सात ते आठ या वेळात झोपलेलं मूल लांबून पाहून जायची मुभा होती. लंडन हॉस्पिटलात तीन वर्षांखालच्या मुलांच्या आईबापांनी आडोशामागूनच बघून घ्यायचं. आज हे वाचताना पहिला संशय येतो तो क्रूरपणाचा, आणि तो चुकीचा आहे. नियम करणाऱ्यांच्या हाती एक निरीक्षण होतं. आई भेटून गेली की मूल आकांत करतं. ती आलीच नाही तर चार-सहा दिवसांत गप्प होतं, जेवतं, नर्सचं ऐकतं. आपल्याकडे अशा मुलाला ‘शहाणं झालं’ म्हणतात, तिकडे ‘रुळलं’ म्हणत. निरीक्षण अगदी खरं होतं, चुकला होता तो त्याचा अर्थ. पुढच्या दहा वर्षांत इंग्लंडमध्ये ही प्रथा मोडू लागली, ती कुणाला अचानक पाझर फुटला म्हणून नव्हे. त्याच शांततेचा कुणीतरी वेगळा अर्थ लावून दाखवला, म्हणून.

तो माणूस जेम्स रॉबर्टसन. ग्लासगोच्या कामगार कुटुंबातला, डॉक्टर नव्हे. युद्धकाळात बालमनोविश्लेषक ॲना फ्रॉइडने लंडनच्या हॅम्पस्टेडमध्ये चालवलेल्या बालगृहांत तो पाण्याचा बंब आणि किरकोळ दुरुस्त्या सांभाळत असे. तिथला दंडक असा की मुलं काय करतात, काय बोलतात, याच्या नोंदी प्रत्येकाने कार्डावर लिहायच्या. बंबवालाही त्याला अपवाद नव्हता. बघायची ही सवय घेऊन तो 1948 मध्ये लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांच्याकडे आला आणि मुलांच्या वॉर्डांतून हिंडू लागला. त्याला दिसलं ते असं : आधी आकांत, मग निराशा, आणि शेवटी एक अलिप्तपणा, ज्यात मूल सगळ्यांशी हसतं पण आई आली तर तिच्याकडे वळत नाही. वॉर्डाच्या दृष्टीने ही तिसरी पायरी म्हणजे यश. रॉबर्टसनच्या मते मुलाने आईची आशा सोडल्याची ती खूण होती.

नुसत्या सांगण्यावर कुणी विश्वास ठेवीना, तेव्हा त्याने कॅमेरा उचलला. बेंबीच्या हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी आठ दिवस दाखल झालेली दोन वर्षं पाच महिन्यांची लॉरा. मूल चिठ्ठ्या टाकून निवडावं तसं निवडलेलं, चित्रण रोज ठरल्या वेळी आणि भिंतीवरचं घड्याळ चौकटीत. मुद्दाम रडके क्षण वेचले, असं कुणाला म्हणता येऊ नये म्हणून. लॉरा फारशी रडतही नाही. ओठ घट्ट मिटून बसते, मधूनच आई कुठे आहे म्हणून विचारते. घरी निघताना आपल्या सगळ्या वस्तू उचलते आणि आईने पुढे केलेला हात मात्र धरत नाही. मला ही फिल्म आकांताच्या कुठल्याही चित्रणापेक्षा भारी वाटते ती याचमुळे. 1952 च्या नोव्हेंबरमध्ये रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनमध्ये ती दाखवली गेली, तेव्हा डॉक्टर आणि परिचारिका खवळल्या; आमच्या पेशाची ही बदनामी आहे, असं म्हणण्यात आलं. संतापलेल्यांत डर्मॉड मॅकार्थी हे बालरोगतज्ज्ञही होते. त्यांनी परत जाऊन स्वतःचा वॉर्ड नीट पाहिला आणि मत बदललं. रॉबर्टसनची पुढची फिल्म, आईसह दाखल झालेल्या मुलीची, 1958 मध्ये ॲमर्शमच्या त्यांच्याच वॉर्डात तयार झाली.

नियमाच्या बाजूने सर्वांत वजनदार मुद्दा होता संसर्गाचा. प्रतिजैविकांच्या आधीच्या काळात घटसर्प, गोवर, जुलाब एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर जात, आणि त्यात मुलं दगावत. ही भीती खोटी नव्हती. पण न्यूकॅसलच्या बाळांच्या रुग्णालयात बालरोगतज्ज्ञ जेम्स स्पेन्स 1920 च्या दशकापासूनच आयांना बाळांसोबत ठेवून घेत होते. न्यूझीलंडमध्ये पिकरिल या शल्यविशारद दांपत्याने तर संसर्ग टाळण्यासाठीच बाळाची शुश्रूषा आईकडे सोपवली, कारण दहा बाळांना हाताळणाऱ्या नर्सपेक्षा एकाच बाळाला हाताळणारी आई कमी जंतू फिरवते. म्हणजे भीती खरी असली तरी त्यावर दार बंद करणं हा एकच इलाज नव्हता. दार बंद राहिलं ते वॉर्डाची शिस्त सोपी जात होती म्हणून.

दुसरा आक्षेप आजही घेतला जातो आणि तो हलका नाही : हे सगळं अखेर बाईला घरात, पाळण्याशी बांधून घालतं. लहान मुलाची आईपासून ताटातूट घातक ठरते, असं मांडणाऱ्या बोल्बी यांच्या लिखाणाचा तसा वापर झालाही. पण रॉबर्टसन दांपत्याचं पुढचं काम उलट दिशेला बोट दाखवतं. 1960 च्या दशकात जेम्स आणि त्याची पत्नी जॉइस यांनी आई बाळंतपणासाठी गेलेली चार लहान मुलं एकेक करून आपल्या घरी सांभाळली. आधी ओळख करून घेतली, घरच्या सवयी विचारून घेतल्या, आईची आठवण जागी ठेवली. मुलं अस्वस्थ झाली, पण तगली. त्याच वेळी नऊ दिवस संस्थेत राहिलेला सतरा महिन्यांचा जॉन मात्र कोसळला. तिथल्या नर्स प्रेमळ होत्या, पण पाळीपाळीने बदलत होत्या. आई काही काळ दूर असणं मुलाला सोसवतं. तिच्या जागी कुणीच ठरलेलं माणूस नसणं सोसवत नाही. याच मुद्द्यावर रॉबर्टसन आणि बोल्बी यांचे मतभेद झाले.

आपल्या सरकारी दवाखान्यांत आई मुलाच्या खाटेशेजारी पथारी टाकून असते, याचा इथे अभिमान वाटू शकतो. तो आवरलेला बरा. ती तिथे असते ती बहुतांशी नर्स पुरेशा नसतात म्हणून. आणि गप्प झालेल्या मुलाला रुळलेलं समजण्याची चूक आपल्याकडेही होते : जून महिन्यात बालवाडीच्या फाटकाशी ‘दोन दिवस रडेल, मग होईल शहाणा’ हे वाक्य आपणही म्हणतोच.

इंग्लंडमध्ये 1959 साली अस्थिशल्यविशारद सर हॅरी प्लॅट यांच्या समितीने भेटीवरची बंधनं काढावीत आणि पाच वर्षांखालच्या मुलांसोबत आईला राहू द्यावं, अशी शिफारस केली. सरकारने ती मान्य केली, पण अनेक रुग्णालयांच्या फाटकावरच्या वेळा होत्या तशाच राहिल्या. 1961 मध्ये लंडनच्या बॅटरसी भागातल्या काही आयांनी एकत्र येऊन त्या शिफारशींच्या अंमलबजावणीसाठी संघटना काढली.