छावणीपासून आखीव पत्रिकेपर्यंत : वऱ्हाडातील सिंधी बांधवांची वाटचाल

वऱ्हाडच्या काळ्या भूमीने बाहेरून आलेल्या अनेकांना आपले म्हटले आहे. राजस्थानातून आलेले बघेरवाल जैन कारंजात शतकानुशतके नांदले. १८६७ मध्ये लोहमार्ग नागपूरपर्यंत पोहोचला आणि कापसाच्या व्यापारामागोमाग मारवाड व गुजरातमधील कुटुंबे अकोला-अमरावतीच्या पेठांत स्थिरावली. ही मंडळी उद्योगाच्या ओढीने आली; मूळ गावी परतण्याची वाट त्यांना खुली होती. १९४७ च्या फाळणीनंतर आलेल्या सिंधी बांधवांची स्थिती मात्र निराळी होती. पंजाब व बंगाल विभागले गेले. सिंध प्रांत संपूर्णपणे पाकिस्तानात गेला. त्यामुळे भारतात त्यांना स्वतःचा म्हणावा असा प्रांतच उरला नाही.

प्रथम प्रश्न नागरिकत्वाचा होता. राज्यघटनेच्या सहाव्या कलमाने १९ जुलै १९४८ ही सीमारेषा ठरविली. मूळ अखंड भारतातील असून त्या तारखेपूर्वी येऊन येथेच राहिलेले लोक नागरिक मानले गेले. त्यानंतर आलेल्यांना किमान सहा महिन्यांच्या वास्तव्यानंतर अर्ज करून नोंदणी करावी लागली. जन्माने याच भूमीचे असलेले लोक अशा रीतीने कागदोपत्री नवे नागरिक ठरले.

दुसरा प्रश्न निवाऱ्याचा. अमरावतीतील रामपुरी कॅम्प, अकोल्यातील सिंधी कॅम्प, त्यातील ‘पक्की खोली’ व ‘कच्ची खोली’ ही नावे त्या दिवसांची साक्ष आजही देतात. ज्यांची ओळखच खोलीच्या भिंतीवरून होत असे, त्यांना स्वतःच्या घराचे मोल वेगळे सांगावे लागत नव्हते. अमरावतीच्या कंवर नगराने १९३९ मध्ये सिंधमध्ये हत्या झालेल्या संत कंवरराम यांचे स्मरण जपले आहे.

तिसरा प्रश्न मालकीचा, आणि तोच सर्वांत दीर्घकाळ रेंगाळला. १९५० च्या कायद्याने मागे राहिलेल्या मालमत्तेचे दावे नोंदविण्यात व तपासण्यात आले. १९५४ च्या भरपाई व पुनर्वसन कायद्याने भरपाईचा निधी उभा राहिला. पाकिस्तानात गेलेल्यांनी येथे सोडलेली मालमत्ता या निधीत जमा झाली. एकाचे हरवलेले घर दुसऱ्याचा आधार झाले, हे फाळणीचे कटू सत्य विसरता येत नाही. शासनाने बांधलेल्या घरांची किंमत भरपाईतून वळती करता येत असे. परंतु सिंधमध्ये जे भाड्याच्या घरात राहत होते, त्यांच्यापाशी दावा करण्याजोगे काहीच नव्हते.

वऱ्हाडात एक आणखी अडचण होती. येथील कुटुंबांनी घर न बदलता राज्ये बदललेली पाहिली : प्रथम मध्यप्रांत व वऱ्हाड, १९५० पासून मध्य प्रदेश, १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई आणि १९६० मध्ये महाराष्ट्र. दप्तरे एका राजधानीकडून दुसरीकडे गेली. घरे पक्की झाली, दुकाने भरभराटीस आली. पण अनेकांच्या पायाखालची जमीन शासकीय पट्ट्याचीच राहिली. घर आपले, जमीन सरकारची, अशा स्थितीत विक्री, वारसनोंद वा बँकेचे कर्ज यांपैकी काहीही सुलभ नसते. २००५ मध्ये केंद्राने पुनर्वसनाचे जुने कायदे रद्द केले, तरी प्रश्न शिल्लकच होता.

अखेर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सिंधी विस्थापितांच्या जमिनींचे पट्टे नियमानुकूल करण्यासाठी विशेष अभय योजना मंजूर केली. फाळणीनंतर हा क्षण येण्यास पाऊणशेहून अधिक वर्षे लागली. पहिल्या पिढीतील बहुतेकांना तो पाहता आला नाही.

निर्वासितास छप्पर देणे हे दयेचे कार्य आहे. त्याच्या नावाची आखीव पत्रिका त्याच्या हाती देणे हे न्यायाचे कार्य होय. पहिले वऱ्हाडाने तत्परतेने केले. दुसरे प्रत्येक कुटुंबाच्या बाबतीत पूर्णत्वास जाईल, तेव्हाच छावणीचा इतिहास खऱ्या अर्थाने समाप्त होईल.