गोंधळ्याच्या घरातली वाद्ये

तलवारींचा इतिहास लिहिणारे पुष्कळ आहेत. आमचे शाळेतले शिक्षण सातवीचे. पुढले सारे कामगार संघटनेच्या कचेरीत आणि गावोगावच्या वाचनालयांत झाले. म्हणून आम्ही इतिहास शोधतो तो अवजारांत. वाद्य हे वाजविणाऱ्याचे अवजारच होय.

बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर ह्याने ‘मानसोल्लासा’त ‘गोंडली’ नृत्याचे वर्णन केले आहे. अभ्यासक त्याचा संबंध गोंधळाशी जोडतात. कल्याणी आमच्या मराठवाड्याच्या शेजारीच. परभणीचे राजारामबापू कदम ह्यांच्यामुळे आमच्या भागातला गोंधळ महाराष्ट्राला ठाऊक झाला. परंतु आज सांगावयाचे आहे ते परभणीतल्याच दुसऱ्या एका घराविषयी.

त्या घरी खुंटीवर तुणतुणे आहे : पोकळ लाकडी नळा, बुडाला कातडे आणि वर ताणलेली एकच तार. खाली संबळ, एक नव्हे, तीन. लहानमोठ्या दोन नगाऱ्यांची ही जोडी. लहानाचा आवाज चढा, थोरल्याचा घुमारा. सर्वांत जुना संबळ आजोबांचा, निजामी अमलातला, म्हणजे १९४८ च्या आधीचा. कोनाड्यात विजेवर चालणारा तंबोरा. असा तंबोरा बंगलोरचे बासरीवादक व इंजिनिअर जी. राज नारायण ह्यांनी १९७९ साली तयार केला. त्याशेजारी कापडात गुंडाळलेला कीबोर्ड.

“देवीपुढं ह्यातलं काही लावत नाही आम्ही,” घरचे म्हातारबाबा म्हणाले. “वरातीला लागतं. लोक मागतात.”

पुण्यास दिनकर केळकरांनी (१८९६-१९९०) जन्मभर जमविलेल्या वस्तू १९७५ साली शासनाच्या स्वाधीन केल्या. त्यांत वाद्येही आहेत. ती काचेमागे सुखरूप आहेत, ह्याचा आम्हांला आनंद आहे. इथे मात्र पावसाळ्यात कातडे सैल पडते, ते विस्तवावर शेकावे लागते, आणि पुन्हा मढविण्याचा खर्च सुपारीच्या पैशातूनच निघावा लागतो. वृद्ध कलावंतांना मानधन देण्याची योजना राज्यात १९५४-५५ पासून आहे. बाबांचा अर्ज घेऊन आम्ही एका कचेरीत गेलो. कलावंत असल्याचा पुरावा मागितला : प्रमाणपत्र, कात्रण, छापील पत्रिका. बाबांनी फडके सोडून आजोबांचा संबळ टेबलावर ठेवला. टिपऱ्यांच्या माराने त्याची कड झिजून गुळगुळीत झालेली. कारकून भला माणूस होता, त्याने हात लावून पाहिला. पण फॉर्मात वाद्यासाठी रकाना नव्हता.

अर्ज अजून तिथेच आहे. तूर्त आम्ही त्या घरातल्या प्रत्येक वाद्याची नोंदवही करीत आहों : केव्हा घेतले, कोणी वाजविले, कोणत्या गावच्या लग्नांत गेले. बाबांना वाजविणाऱ्यांच्या तीन पिढ्या तोंडपाठ आहेत. आजोबांचा संबळ प्रथम कोणी मढविला, त्या कारागिराचे नाव मात्र घरात कोणालाच आठवत नाही.