सुट्टी कोणाची?

सरकारी सुट्ट्यांची यादी दरवर्षी जाहीर होते आणि आपण त्यात आपापला सण शोधतो. पण ही यादी ज्या कायद्याखाली निघते, त्याचा सणांशी थेट संबंध नाही. तो आहे 1881 चा परक्राम्य संलेख अधिनियम, म्हणजे वचनचिठ्ठी, धनादेश वगैरेंचा कायदा. पैसे देण्याची तारीख सुट्टीच्या दिवशी आली, तर आधीच्या कामकाजाच्या दिवशी ते द्यावेत, असे त्याचे कलम 25 सांगते. त्यासाठी सुट्टी म्हणजे काय, हे ठरवावे लागले.

मूळ कायद्यात नावानिशी कोणते दिवस होते? रविवार, इंग्रजी नववर्षदिन, नाताळ आणि गुड फ्रायडे. ईद, दिवाळी, पतेती यांना सरकारने वेगळी अधिसूचना काढावी लागे. राज्यकर्त्यांचे सण कायद्यात आणि रयतेचे सण राजपत्रात, अशी ती विभागणी होती. स्वतंत्र भारताने 1955 मध्ये ती ख्रिस्ती सणांची नावे कलमातून वगळली. रविवार तेवढा राहिला. म्हणजे सगळेच सण एका पायरीवर आले.

रविवारही फुकट मिळालेला नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना संघटित केले, सभा घेतल्या, अर्ज केले. तेव्हा कुठे 1890 मध्ये मालकांनी आठवड्याची सुट्टी मान्य केली. गिरण्यांत हिंदू होते तसे मुसलमानही होते. जुम्मा ज्याचा त्याचा होता, पण विश्रांतीचा हक्क सगळ्यांचा ठरला.

ईद-ए-मिलादची देशव्यापी सुट्टी 1990 ची, विश्वनाथ प्रताप सिंग पंतप्रधान असतानाची. हिजरी वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे 11 दिवसांनी लहान असते, म्हणून हा दिवस दरवर्षी मागे सरकतो. 2023 मध्ये तो अनंत चतुर्दशीलाच आला. मुंबईत मुस्लिम समाजाने जुलूस दुसऱ्या दिवशी काढायचे ठरवले आणि शासनाने 29 सप्टेंबरला सुट्टी दिली. 2024 मध्येही विसर्जनाच्या गर्दीमुळे मुंबईतली सुट्टी 16 वरून 18 सप्टेंबरला गेली. सुट्टी सरकली म्हणून कुणाची श्रद्धा कमी झाली नाही. उलट शेजारधर्म पाळला गेला.

म्हणून 'त्यांना किती, आम्हाला किती' हा हिशेब मला अपुरा वाटतो. यादीत नाव असणे ही नागरिक म्हणून मिळालेली ओळख आहे, ती पुसली जाऊ नये, हे खरेच. पण नाक्यावर उभ्या असलेल्या मजुराला, मग तो सलीम असो की सखाराम, यादीतल्या कुठल्याच सुट्टीचा पगार मिळत नाही. काम बंद, तर त्या दिवसाची मजुरी बंद. ईदच्या नमाजनंतर तो थेट कामावर जातो, दिवाळीच्या पहाटेही जातो. लोखंड्यांनी सुरू केलेले काम त्याच्यापर्यंत अजून पोचायचे आहे. भांडायचेच असेल, तर त्याच्यासाठी भांडू या.